प्लॅटफॉर्मच्या फीवरचा व्हॅट: नंबर दिला की सुटका होते का?

लेखणीवाली
मी जर्मनीत राहून भाषांतर आणि एडिटिंगची कामं करते, बरीचशी एका फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून मिळतात. टॅक्स ऑफिसात क्लाइनउंटरनेहमर म्हणून नोंद आहे, म्हणजे उलाढाल कमी म्हणून मी बिलात व्हॅट लावत नाही आणि भरतही नाही. आता प्लॅटफॉर्मचं स्टेटमेंट नीट उघडून बघितलं तर क्लायंटच्या १००० युरोतून १०० फी गेलीये, ते माहीतच होतं, पण त्याखाली अजून एक ओळ, व्हॅट १९ टक्के, १९ युरो. हातात ८८१. सपोर्टला विचारलं तर ठरावीक छापाचं उत्तर आलं, "तुमच्या देशातल्या कायद्यानुसार". बरं.

माझं म्हणणं एवढंच की मला व्हॅटमधून सूट आहे ना, मग हे १९ माझ्याकडून कशाचे? आणि १०० वरच का, १००० वर का नाही? (म्हणजे १००० वर लावा असं म्हणत नाहीये बाबांनो, फक्त समजून घ्यायचंय.)

घाईगडबड
सेटिंगमध्ये जाऊन व्हॅट नंबर टाका, पुढच्या बिलापासून व्हॅट गायब. मी तेच केलं. विषय संपला.

तिरकस
विषय संपला म्हणणाऱ्याच्या खाली हमखास शंभर प्रतिसाद पडतात, खुर्ची घेऊन बसतो.

आकडेमोड
घाईगडबड, तुमचं उत्तर तुमच्यापुरतं बरोबर असेल, पण लेखणीवालींनी ते जसंच्या तसं केलं तर १९ युरो वाचणार नाहीत, फक्त ते कुणी भरायचे ते बदलेल. जरा सविस्तर लिहितो, हे काम रोजचं आहे माझं.

मुळात इथे व्यवहार दोन आहेत. एक, तुम्ही क्लायंटला सेवा विकली, १००० युरोची. दुसरा, प्लॅटफॉर्मने तुम्हाला सेवा विकली, १०० युरोची. पैसे एकाच खात्यातून फिरतात आणि फी परस्पर कापली जाते म्हणून ते एकच वाटतात. क्लाइनउंटरनेहमरची सूट आहे ती पहिल्या व्यवहाराला, तुम्ही जे विकता त्याला. दुसऱ्यात तुम्ही गिऱ्हाईक आहात आणि गिऱ्हाइकाला सूट नसते. लॅपटॉप घेतलात तेव्हा व्हॅट भरलातच ना, तिथे कुणी विचारलं नाही की तुमची उलाढाल किती. म्हणून व्हॅट १०० वर.

आता हा व्हॅट १९ टक्केच का. प्लॅटफॉर्म जर्मनीबाहेरचा आहे असं धरतो. ईयूच्या व्हॅट नियमात अशा सेवेला, म्हणजे वेबसाइटवर आपली सेवा विक्रीला मांडायची सोय, जिथे सगळं बहुतांशी आपोआप चालतं, तिला इलेक्ट्रॉनिक सेवा धरतात. ती साध्या ग्राहकाला विकली तर ग्राहक ज्या देशात राहतो तिथला दर लागतो, हे २०१५ पासून आहे. त्यामुळे तुम्हाला १९, नेदरलँड्समधल्याला २१, आयर्लंडमधल्याला २३, हंगेरीत २७. प्लॅटफॉर्म तो गोळा करून तुमच्या देशाला पोचवतो, त्याच्या खिशात जात नाही.

आणि तुम्हाला "साधा ग्राहक" का धरलं? कारण तुम्ही व्हॅट नंबर दिलेला नाही. ईयूच्या व्हॅट कायद्याच्या अंमलबजावणीचा २८२/२०११ हा नियम आहे, त्याच्या कलम १८ मध्ये विकणाऱ्याला सरळ मुभा आहे की ईयूतल्या गिऱ्हाइकाने नंबर कळवला नसेल तर इलेक्ट्रॉनिक सेवेसाठी त्याला बिगरव्यावसायिक धरा. प्रोफाइलवर तुम्ही कितीही प्रोफेशनल दिसत असलात तरी.

घाईगडबड
तेच तर म्हणतोय मी, नंबर द्या.

आकडेमोड
नंबर दिला की काय होतं ते लिहायचं होतं, पोस्ट लांबली म्हणून थांबलो.

नंबर दिला की तुम्ही व्यावसायिक ठरता आणि रिव्हर्स चार्ज लागतो. प्लॅटफॉर्म १०० चं बिनव्हॅटचं बिल देणार, खाली "रिव्हर्स चार्ज" लिहिलेलं असणार, आणि त्यावरचे १९ तुम्ही स्वतः तुमच्या टॅक्स ऑफिसला दाखवायचे. घाईगडबड, तुम्ही बहुतेक नॉर्मल व्हॅटवाले आहात, म्हणजे बिलात व्हॅट लावणारे आणि खरेदीवर भरलेला व्हॅट त्यातून वजा करून घेणारे (हीच वजावट), तुम्ही एका हाताने १९ देणं दाखवता आणि त्याच रिटर्नमध्ये १९ वजावट घेता, बेरीज शून्य, म्हणून गायब वाटतं. क्लाइनउंटरनेहमरला वजावटीचा हक्कच नाही. तो १९ दाखवणार आणि १९ भरणार. जर्मन कायद्यात हे कलम १३बी, आणि त्याला कलम १९ ची, म्हणजे क्लाइनउंटरनेहमरची, सूट लागू नाही. अगदी पहिल्या युरोपासून.

लेखणीवाली
म्हणजे नंबर नाही दिला तर प्लॅटफॉर्म १९ कापणार आणि दिला तर मी स्वतः जाऊन १९ भरणार, वर रिटर्न भरायची कटकट वेगळी? मग नंबर द्यायचाच कशाला?

घाईगडबड
हां, मी नॉर्मलवालाच आहे. क्लाइनउंटरनेहमरला रिव्हर्स चार्ज लागतो हे नव्हतं माहीत. अजबच आहे.

सोनचाफा
नेदरलँड्समध्येही हेच आहे. इथे छोट्यांसाठी केओआर नावाची सूट, २० हजार युरोपर्यंत. ती घेतली की सगळ्यांना वाटतं आता व्हॅटचं तोंड बघायला नको. आणि मग परदेशातल्या सॉफ्टवेअरचं, जाहिरातीचं, प्लॅटफॉर्मचं बिल येतं रिव्हर्स चार्जवालं आणि २१ टक्के आपल्यालाच भरावे लागतात, वजावट नाही. छोट्याला सूट म्हणायची आणि मागच्या दाराने वसुली.

आकडेमोड
मागचं दार नाही हो. सूट नसती घेतली तर वजावट मिळाली असतीच की. सूट घेताना वजावट सोडता हे त्या करारातच आहे.

लेखणीवाली, नंबर कशाला हा प्रश्न रास्त आहे. पण कायद्याने तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहकाचं सोंग घेणं ही तुमची निवड असू शकत नाही. ईयूच्या व्हॅट डायरेक्टिव्हच्या कलम २१४ प्रमाणे, बाहेरच्या देशातून रिव्हर्स चार्जवाली सेवा घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाची नोंद व्हायला हवी, उलाढाल कितीही लहान असो. आयर्लंडमध्ये तर स्पष्ट आहे की परदेशी सेवा धंद्यासाठी घेतली तर नोंदणीला किमान मर्यादाच नाही. उद्या तपासणीत अधिकाऱ्याने विचारलं की धंद्यासाठी घेतलेल्या सेवेचा रिव्हर्स चार्ज कुठे दाखवलाय, तर "प्लॅटफॉर्मने कापला होता" हे सांगून किती भागेल ते त्या अधिकाऱ्यावर. प्लॅटफॉर्मने ग्राहक समजून भरलेला कर तुमच्या खात्यावर जमा नसतो. दोनदा भरायची पाळी येऊ शकते हा खरा धोका, म्हणून मी नेहमी नंबर द्यायलाच सांगतो.

जुना_खलाशी
ताई एक तांत्रिक गोष्ट. श्टॉयरनुमर, म्हणजे टॅक्स ऑफिसचा साधा कर क्रमांक, टाकू नका तिथे, बरेच जण टाकतात आणि मग रिजेक्ट होतो म्हणून चिडतात. व्हॅट आयडी वेगळा, डीई आणि पुढे नऊ आकडे. क्लाइनउंटरनेहमरलाही मिळतो, केंद्रीय कर कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फुकट आहे. प्लॅटफॉर्म तो ईयूच्या व्हीआयईएस सिस्टिममध्ये, म्हणजे व्हॅट नंबर तपासायच्या ऑनलाइन सोयीत, तपासतो.

विलायती
इंग्लंडमध्ये चित्र वेगळं आहे म्हणून लिहितोय. इथे नोंदणीची मर्यादा ९० हजार पौंड (एप्रिल २०२४ पासून, आधी ८५ होती), त्यामुळे बहुतेक फ्रीलान्सर नोंदणीच करत नाहीत. आणि इथे नोंदणी नसलेल्याला रिव्हर्स चार्ज भरावा लागत नाही, फक्त ती परदेशी सेवांची रक्कम तुमच्या ९० हजारांच्या मोजणीत मिळवायची. म्हणजे प्लॅटफॉर्मने मला व्यावसायिक मानलं तर २० टक्के खरंच वाचतात! नियमाप्रमाणे व्हॅट नंबरच पाहिजे असंही नाही, धंदा असल्याचा दुसरा पुरावा विकणाऱ्याला चालवून घेता येतो. घेता येतो, घ्यावाच लागतो असं नाही, तिथेच घोडं पेंड खातं. मी ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्यांच्या फॉर्ममध्ये नंबरची एकच चौकट आहे, दुसरा पुरावा जोडायला जागाच नाही, आणि सपोर्टवाला माणूस तीच लिंक परत परत पाठवतो.

सोनचाफा
मग ऐच्छिक नोंदणी करा ना.

विलायती
केली तर इंग्लंडमधल्या प्रत्येक क्लायंटला २० टक्के जास्तीचं बिल. माझे निम्मे क्लायंट साधी घरगुती माणसं आहेत, वेबसाइट करून घेणारी, त्यांना वजावट कुठली, ते सरळ पळून जातील. फीवरचे चार पैसे वाचवायला धंदा घालवू का.

आकडेमोड
विलायती, अगदी नेमकं बोललात. या सगळ्या गुंत्याचं उत्तर फीमध्ये नाहीये, तुमचा क्लायंट कोण यात आहे. लेखणीवाली, तुमचे क्लायंट कोण आहेत? जर्मनीतले की बाहेरचे, कंपन्या की व्यक्ती?

लेखणीवाली
बहुतेक कंपन्याच. नेदरलँड्स, फ्रान्स, दोन अमेरिकेतल्या. जर्मनीतली एक छोटी प्रकाशन संस्था, वर्षातून एखादं काम देते. खाजगी व्यक्ती जवळजवळ नाहीतच.

आकडेमोड
मग तुम्ही क्लाइनउंटरनेहमर कशासाठी आहात?

हे टोमणा म्हणून नाही विचारत. सूट तुम्हाला जर्मन व्हॅट लावण्यापासून वाचवते. पण दुसऱ्या देशातल्या कंपनीला भाषांतर विकलं तर त्या सेवेची जागा कायद्याने क्लायंटच्या देशात धरतात, तिथे जर्मन व्हॅट लागतच नाही, सूट असो नसो. डच, फ्रेंच कंपनी आपल्या देशात रिव्हर्स चार्ज करते, अमेरिकन कंपनीचा प्रश्नच नाही. म्हणजे जो कर तुमच्या बिलावर येणारच नव्हता त्यापासून सूट घेऊन बसलात आणि बदल्यात वजावट सोडलीत. नॉर्मल व्यवस्थेत गेलात तर बिलं आहेत तशीच राहतील (प्रकाशन संस्थेला १९ टक्के लावावा लागेल, ती बहुधा वजावट घेईल) आणि प्लॅटफॉर्मच्या फीवरचा १९, लॅपटॉपवरचा १९, सॉफ्टवेअरवरचा १९, सगळा वजा होईल.

खर्च म्हणाल तर वेळेचा. फोरआनमेल्डुंग, म्हणजे व्हॅटचं आगाऊ रिटर्न, भरायचं, एल्स्टर या कर खात्याच्या पोर्टलवरून, आणि ईयूतल्या कंपन्यांच्या विक्रीची वेगळी यादी द्यायची. आणि एकदा सूट सोडली की पाच वर्षं परत येता येत नाही, हे नीट लक्षात घेऊन ठरवा. उद्या खाजगी विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवायचा विचार असेल तर गणित उलटं फिरेल.

घाईगडबड
+१, मी यासाठीच नॉर्मलला गेलो होतो, माझे सगळे क्लायंट बाहेरचे.

पावसाळी_ढग
वाचतोय. एक शंका. उलाढालीची मर्यादा मोजताना हातात आलेले ८८१ धरायचे का १०००?

जुना_खलाशी
१०००. नेहमी १०००. फी हा तुमचा खर्च आहे, विक्रीतून वजा नाही करायची. जर्मनीत २०२५ पासून मागच्या वर्षीचे २५ हजार आणि चालू वर्षाचे १ लाख अशी मर्यादा आहे. समजा वर्षात क्लायंटांनी २५,५०० दिले आणि प्लॅटफॉर्मने १० टक्के फी अधिक त्यावरचा व्हॅट कापला, तर बँकेत साधारण २२,४६५ येतील. बँक स्टेटमेंट बघणारा निवांत झोपेल आणि मर्यादा कधीच ओलांडलेली असेल. आणि लपूनही राहत नाही, २०२३ पासून डीएसी ७ या ईयूच्या नियमाखाली प्लॅटफॉर्म दरवर्षी तुमची कमाई आणि कापलेली फी दोन्ही कर खात्याला कळवतात.

आकडेमोड
बरोबर, फक्त एक पुरवणी. त्या २५ हजारात जर्मनीत करपात्र धरल्या जाणाऱ्या सेवाच येतात. परदेशी कंपन्यांची बिलं, जिथे सेवेची जागाच बाहेर आहे, ती मोजत नाहीत. तेव्हा पावसाळी_ढग, तुमचे सगळे क्लायंट जर्मनीतले असतील तरच हे गणित असंच्या असं.

पावसाळी_ढग
मी स्वित्झर्लंडमध्ये आहे, उगाच विचारलं, पण छान कळलं. आमच्याकडे मर्यादा १ लाख फ्रँक आणि नोंदणी नसलेल्याने परदेशी सेवा वर्षाला १० हजार फ्रँकच्या वर घेतल्या तरच स्वतः कर भरायचा. म्हणजे जर्मनीसारखं पहिल्या युरोपासून नाही.

तिरकस
दहा हजार फ्रँक नुसती फी भरणारा फ्रीलान्सर भेटला तर मला त्याच्याकडे नोकरी लावा.

सोनचाफा
माझं प्रकरण जरा वेगळं. आमच्या एका प्लॅटफॉर्मवर "फी" अशी ओळच नाही. ते क्लायंटला त्यांच्या नावाने बिल करतात आणि मला ठरलेली रक्कम देतात. यात व्हॅट कुठे बसतो?

आकडेमोड
तिथे तुमचा क्लायंट प्लॅटफॉर्मच. प्लॅटफॉर्म स्वतःच्या नावाने पण दुसऱ्याच्या वतीने सेवा विकत असेल तर डायरेक्टिव्हच्या कलम २८ प्रमाणे असं धरतात की त्याने तुमच्याकडून सेवा घेतली आणि पुढे विकली. मग तुमचं बिल प्लॅटफॉर्मच्या नावाने आणि तो दुसऱ्या देशातला असेल तर रिव्हर्स चार्ज त्याच्या बाजूला. फीवरच्या व्हॅटचा प्रश्नच उरत नाही कारण फीच नाही, त्यांचा नफा हा दोन किमतीतला फरक. त्यामुळे आधी अटी वाचा, करार कुणाकुणात आहे ते बघा. "आम्ही फक्त मध्यस्थ" असं लिहिलं असेल तर पहिला प्रकार, "तुम्ही आम्हाला सेवा पुरवाल" असेल तर हा.

याच मुद्द्यावर युरोपियन कोर्टाचा फेनिक्स इंटरनॅशनलचा निकाल आहे, २८ फेब्रुवारी २०२३. फेनिक्स म्हणजे ओन्लीफॅन्स चालवणारी कंपनी. त्यांचं म्हणणं होतं आम्ही फक्त आमच्या २० टक्के फीवर व्हॅट देणार. कोर्टाने इलेक्ट्रॉनिक सेवांसाठीचा जो नियम आहे, की प्लॅटफॉर्मच विक्रेता धरायचा, तो वैध ठरवला, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या पूर्ण रकमेवर व्हॅट प्लॅटफॉर्मने द्यायचा.

तिरकस
हे उदाहरण तुम्हाला कसं माहीत असं विचारत नाही.

आकडेमोड
विचारा खुशाल, कामाच्या वाचनात येतं.

विलायती
मग भाषांतर, डिझाइन यांनाही तो नियम लागू का?

आकडेमोड
नाही. तो इलेक्ट्रॉनिक सेवांना, जिथे माणसाचा हात जवळजवळ नसतो. माणसाने बसून केलेलं भाषांतर ईमेलने पाठवलं म्हणून इलेक्ट्रॉनिक सेवा होत नाही. पण तयार टेम्प्लेट, फॉन्ट, रेकॉर्ड केलेला कोर्स असं डाउनलोडला ठेवून विकत असाल तर तो वेगळा डबा, तिथे प्लॅटफॉर्मच विक्रेता धरला जाण्याची शक्यता जास्त.

जुना_खलाशी
लोक म्हणतायत की ईयूच्या नव्या पॅकेजने, व्हीआयडीए का काय, सगळ्याच प्लॅटफॉर्मना विक्रेता धरणार. खरं का हो?

आकडेमोड
मार्च २०२५ मध्ये मंजूर झालं ते. पण विक्रेता धरायचा नियम फक्त अल्पकाळासाठी भाड्याने दिलेल्या जागा आणि रस्त्यावरची प्रवासी वाहतूक या दोनच गोष्टींना, १ जुलै २०२८ पासून ऐच्छिक आणि १ जानेवारी २०३० पासून सक्तीचा. आपल्याला त्यातलं लागेल ते दुसरंच, १ जुलै २०३० पासून ईयूमधल्या देशादेशांतल्या कंपन्यांच्या बिलांना ई-इनव्हॉइस सक्तीचं होतंय. पीडीएफ पाठवून भागणार नाही.

निवांत
भारतातून काम करणाऱ्यांचं काय? माझ्याही फीवर १८ टक्के कापतात.

जुना_खलाशी
तो व्हॅट नाही, जीएसटी आहे, पण सांगाडा तोच. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, दिला नसेल तर परदेशी प्लॅटफॉर्म १८ टक्के लावून सरकारला भरतो. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेला कुणीही यात येतो, धंद्यासाठी घेतलं तरी. नंबर दिलात तर रिव्हर्स चार्ज, आधी रोखीने भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं, आणि एलयूटी, म्हणजे कर न भरता एक्स्पोर्ट करायचं हमीपत्र, भरून एक्स्पोर्ट करत असाल तर त्याचा रिफंड मागता येतो. बाकी यासाठी वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

लेखणीवाली
सगळ्यांचे आभार, डोकं जड झालंय पण प्रकाश पडला. आयडीसाठी अर्ज केला. दोन प्रश्न राहिलेत. प्रपोजल पाठवायला जे पॉइंट्स विकत घेते त्यावरही व्हॅट दिसतोय, तो पण याच हिशोबात का? आणि आधी कापलेल्या व्हॅटचं काय, परत मागता येतो?

आकडेमोड
पॉइंट्स, मेंबरशिप, प्रोफाइल वर दाखवायचे पैसे, सगळं प्लॅटफॉर्मने तुम्हाला विकलेलं, सगळं याच हिशोबात. पैसे काढायच्या चार्जवर मात्र कधी व्हॅट असतो कधी नसतो, त्यामुळे महिन्याची बेरीज न घेता बिलातल्या ओळी वेगवेगळ्या बघायच्या. बिल डॉलरमध्ये असेल तर जर्मन अर्थमंत्रालय दर महिन्याचा सरासरी दर जाहीर करतं तो वापरा, प्लॅटफॉर्मचा दर नको.

जुन्याचं म्हणाल तर प्लॅटफॉर्मला दुरुस्त बिल मागून बघा, काही जण मागच्या तारखेने नंबर लावून क्रेडिट नोट देतात, बरेच जण देत नाहीत. नाही दिली तर तो व्हॅट इन्कम टॅक्समध्ये फीसोबत खर्च म्हणून दाखवा, तेवढं तरी मिळतं. पण नॉर्मलला गेल्यावर ती जुनी बिलं वजावटीत घालू नका, चुकून लावलेला व्हॅट बिलावर छापलेला असला तरी वजा होत नाही, आणि तपासणीत नेमकं तेच पहिलं सापडतं.

लेखणीवाली
दुरुस्त बिलासाठी मेल टाकलीये. उत्तर आलं, "तुमच्या देशातल्या कायद्यानुसार".

तिरकस
खुर्ची परत आणतो.